डाव्या हाताची चार बटणे

“परत सांग, आई. जरा सावकाश,” बाईंचा भाचा अक्काला म्हणाला.

अक्काने गाण्याचे नाव परत सांगितले. तोंडाने सांगितलेले गाणे लावणाऱ्या, टेबलावरच्या डबीएवढ्या स्पीकरवरचा निळा दिवा गोल फिरला आणि आतल्या गोड आवाजाने कळवले, की आपल्याला काही समजले नाही. तिसऱ्या खेपेलाही समजले नाही. चौथ्यांदा अक्काने तोंडच उघडले नाही. मान भिंतीकडे वळवली आणि चालता हात पांघरुणात ओढून घेतला.

“मावशी, मग तूच लावत जा. तुझं ऐकतो तो,” असे म्हणून भाचा दुसऱ्या दिवशी आपल्या नोकरीच्या गावी निघून गेला. मुलगा वाईट नव्हता. महिन्यातून एकदा यायचा, येताना आईसाठी काहीतरी घेऊन यायचा. पण त्या दुपारी काय झाले हे त्याच्या लक्षात आले नव्हते. बाईंच्या आले होते.

अक्का ही बाईंची थोरली बहीण. एकतीस वर्षे तिने बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. बाजारात तिने नुसता भाव विचारला, तरी शेजारचा माणूस वळून म्हणायचा, “तुम्हीच का हो त्या?” गेल्या वर्षी झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डोके मात्र लख्ख होते. बाईंना तिचे दहातले आठ शब्द कळायचे. यंत्राला एकही कळला नव्हता.

त्या दिवसापासून अक्काने गाणे मागितले नाही. बाईंनी आपणहून लावले तर ऐकून घ्यायची, पण ‘हे नको, ते लाव’ असे एकदाही म्हणाली नाही. कुणापुढे हात पसरणे तिला कधी जमलेच नव्हते. पाठच्या बहिणीपुढेही नाही.

बाईंना सगळे बाई म्हणत, कारण चौतीस वर्षे त्यांनी टायपिंगचा वर्ग चालवला होता. मग घरोघरी संगणक आले, वर्ग ओस पडला आणि सोळाच्या सोळा यंत्रे एका टेम्पोतून भंगारात गेली. आपल्या बोटांत जे आहे ते आता कुणाच्या कामाचे नाही, असे तेव्हापासून बाईंनी मनाशी धरून ठेवले होते.

आठवडाभर त्या अक्काची पाठ बघत राहिल्या. मग त्यांनी हातोडीला फोन केला.

हातोडी ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. बटणे अशी ठोकायची, की कागदाला भोके पडायची. म्हणून हे नाव. आता ती वाचनालयातले संगणक सांभाळत होती आणि स्वतःच पन्नाशीला आली होती. रविवारी ती आली. भाच्याने टाकून दिलेला संगणक तिने चालू करून बघितला. तो सुरू होईपर्यंत दोघींचा चहा पिऊन झाला.

“ह्याच्यात जीव आहे, बाई. ओझं तेवढं उतरवायला हवं. जुनी प्रणाली काढून लिनक्स घालू या.”

“ते चोरीचं असतं का गं?”

“नाही हो. खूप जणांनी मिळून लिहिलंय. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं.”

“हवं तसं?”

“अगदी हवं तसं.”

तासाभरात नवी प्रणाली बसली. आता गाणी वाजवणारा प्लेअर बसवायचा होता. हातोडी खुर्ची पुढे ओढू लागली, तशा बाई म्हणाल्या, “तू सांग. मी टाइप करते.”

पडद्यावर एक काळी चौकट उघडली. चित्रे नाहीत, बाण नाही. फक्त एक लुकलुकती रेघ, कोणी काहीतरी लिहील म्हणून वाट बघणारी. बाईंनी पाठ ताठ केली, मनगटे उचलली आणि हातोडीने सांगितलेली ओळ एका दमात टाइप केली. यंत्राने पासवर्ड मागितला.

“आता घाबरू नका हं,” हातोडी म्हणाली. “पासवर्ड लिहिताना अक्षरं दिसत नाहीत. ठिपकेसुद्धा नाहीत. आमच्याकडे भलेभले इथे अडतात.”

“मी तुम्हाला डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवलंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडे बघत पासवर्ड लिहिला.

यंत्राने उत्तर दिले, की ह्या नावाचे काही सापडत नाही. हातोडीने वाकून पाहिले आणि तोंडावर हात धरला. प्लेअरच्या नावात एक अक्षर दोनदा पडले होते.

“एक चूक. अर्धा गुण वजा,” ती म्हणाली.

बाई हसल्या. किती तरी दिवसांनी हसल्या. ओळ पुन्हा लिहिली आणि पडद्यावर अक्षरे भराभरा खालून वर सरकू लागली.

पण प्लेअर उघडला तेव्हा त्यांचा जीव दडपला. बटणे, याद्या, खिडक्यांत खिडक्या, अक्षरे मुंगीएवढी. अक्काला ह्यातले काय दिसणार आणि काय दाबता येणार? “सगळं काढता येतं,” हातोडी जाता जाता म्हणाली. “सेटिंगची एक साधी फाइल असते. आपल्या पत्रासारखी. उघडायची, वाचायची, बदलायची. अडलं की फोन करा.”

पुढचे बारा दिवस बाई अक्का झोपली की दुपारी कामाला बसत. एकेक ओळ बदलायची, प्लेअर पुन्हा उघडून बघायचा. याद्या गेल्या, चित्रे गेली. अक्षरे इतकी मोठी झाली, की पलंगावरून वाचता यावीत. हातोडीने संगणकात भरून दिलेल्या सहाशे गाण्यांना नुसते आकडे होते. बाईंनी एकेकाची सुरुवात ऐकून प्रत्येकाला नाव दिले. सातव्या दिवशी मात्र प्लेअर उघडेचना. हातोडी फोनवर म्हणाली, “कुठेतरी कंस बंद करायचा राहिला असेल.” बाईंनी अख्खी फाइल छापून घेतली आणि जुन्या सवयीने लाल पेन घेऊन तपासायला बसल्या. तिसऱ्या पानावर कंस सापडला. त्यांनी समासात एक मोठा लाल गोल काढला.

राहिली बटणे. अक्काचा डावा हात तेवढा चालत होता आणि त्यासाठी कुठली बटणे निवडायची ह्याचा विचार बाईंना करावाच लागला नाही. डाव्या हाताची चार बोटे पहिल्या दिवशी कुठे ठेवायची, हे त्यांनी हजारभर मुलींना सांगितले होते. ए, एस, डी, एफ. एफवर सुरू आणि बंद, डीवर पुढचे गाणे, एसवर मागचे, एवर आवाज. बाकीची बटणे त्यांनी मुकी करून टाकली.

तेराव्या दिवशी त्यांनी कळफलक अक्काच्या मांडीवर ठेवला.

“नको,” अक्का म्हणाली. तो शब्द तिला स्पष्ट म्हणता यायचा.

“गाणं राहू दे. एफवर एक बारीक उंचवटा आहे, तेवढा शोध. बघायचं नाही.”

अक्काची तर्जनी बटणांवरून सरकली, थांबली, मागे आली.

“तोच. दाब.”

गाणे सुरू झाले. अक्का दचकली. तिने पुन्हा दाबले, बंद. पुन्हा दाबले, सुरू. मग तिने डी दाबले, आणि दाबतच राहिली. पाच-सहा गाणी नुसती डोकावून गेली. बाईंना वाटले, हिचे बिनसले. पण अक्का शोधत होती. हवे ते सापडल्यावर तिने हात उचलला आणि डोळे मिटले.

गाणे संपले, लगेच दुसरे सुरू झाले. अक्काच्या कपाळाला आठी पडली. ती काहीतरी म्हणाली. बाईंना कळले नाही. अक्काने चिडून परत सांगितले, “एक. मग... गप्प.”

“एक झालं की थांबायला हवं?”

अक्काने मान हलवली. बाई उठल्या, फाइल उघडली, एक ओळ बदलली. मिनिटभराचे काम होते. तक्रार करणारी अक्का त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच भेटत होती.

पुढच्या महिन्यात भाचा आला. पलंगाशेजारचा पडदा, त्यावरची ठसठशीत अक्षरे बघून तो दारातच थांबला.

“हा माझा भंगार संगणक ना? आई, थांब, मी लावतो तुला.” त्याने हात पुढे केला.

अक्काने त्याचे मनगट धरले, बाजूला ठेवले, आणि चार बोटे आपल्या जागी नेली. गाणे सुरू झाले. भाचा कधी आईच्या हाताकडे, कधी पडद्याकडे बघत राहिला.

“कुणी करून दिलं हे?”

“मी केलं,” बाई म्हणाल्या.

“तू म्हणजे... माणूस बोलावून?”

“माणूस कशाला? टाइप करून.”

एवढे बोलून त्या ओट्याकडे वळल्या, पण चेहरा फुलला होता तो काही त्यांना लपवता आला नाही.

गाणे संपले. खोली शांत झाली. भाचा अजून उभाच होता, बॅग खांद्याला तशीच.

“आई,” तो हळू आवाजात म्हणाला, “पुढचं ऐकायला बसू का इथे?”

अक्काने पाय थोडे आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला त्याच्यापुरती जागा केली.