मी झोका घेणे सोडले

मित्रांनो, मी एक जुने पोते आहे. पण ज्वारीचे नव्हे, ठोसे खाण्याचे! सोलापुरातल्या एका तालमीच्या आढ्याला मी वर्षानुवर्षे लटकत आहे. पलटणीतून परतलेल्या सोमलिंग वस्तादांनी जाड कॅनव्हास आणला. अनसूयाबाईंनी तो शिवला आणि माझ्या पोटात गिरणीतले वाया गेलेले सूत व चिंध्या ठासून भरल्या. असा माझा जन्म झाला.

अनसूयाबाईंचा नवरा रामहरी दिवसभर हातमागावर विणायचा आणि संध्याकाळी कुस्ती खेळायचा. त्याला आता ठोसेबाजीचे वेड लागले होते. गडी अंगाने आडदांड. तो असा भिडायचा, की मी थेट भिंतीपर्यंत झोका घ्यायचे आणि बघे टाळ्या पिटायचे. मलाही गंमत वाटायची, खोटे कशाला बोलू? पण त्याचे मनगट वाकायचे, सुजायचे, आणि घरचा माग बंद पडायचा.

एके दिवशी अनसूयाबाई कात्री घेऊनच आल्या आणि तालमीत बायकांना मज्जाव म्हणून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"वस्ताद, आज ह्यांचं मनगट सुजलं, तर हे पोतं फाडून गादी करनार हाय मी. पोरं तरी सुखानं झोपतील की!"

माझा तर जीव टांगणीला लागला.

वस्ताद रामहरीकडे वळले. "कुस्तीत ढकलतोस तसं हितं ढकलू नगंस. पोतं लांब गेलं म्हंजी ठोसा वाया गेला. मागावर धोटा पळवाया दोरी कशी वडतोस?"

"झटका द्यायचा, की लगेच सोडायची."

"तसंच! मनगट सरळ, अंगठा मुठीभाईर, अन् हात गेला तसा माघारी."

रामहरीने पाय रोवले. ठप्प! मी जागच्या जागी हादरले. झोका नाही, टाळी नाही. पण तो ठोसा पार पोटात पोचला, आणि मला कोणीतरी नीट मारल्याचे समाधान आयुष्यात पहिल्यांदा लाभले.

दिवेलागणीपर्यंत तो मारतच राहिला. मग अनसूयाबाईंनी त्याचे मनगट दाबदाबून पाहिले. सूज नव्हती. त्यांची नजर माझ्या उसवलेल्या शिवणीवर गेली. मला खाली उतरवून उंबऱ्यापाशी आणायला लावले. कात्री बाजूला ठेवली आणि सुई-दोरा मागवला.

"ह्याला बी जपाया पायजे की," त्या म्हणाल्या, "लई सोसतंय बिचारं."

तो टाका अजून माझ्या कुशीत घट्ट आहे. मित्रांनो, मला खुशाल मारा, मी त्यासाठीच आहे. फक्त आधी मनगट सरळ करा. आणि माझी शिवण उसवली, तर कात्रीआधी सुई शोधा.