डावीकडची सीट

महाळुंगे पडवळच्या सुदर्शनने ती छोटी गाडी घेतली तेव्हा ती चारचौघांसारखीच साधी घरगुती गाडी होती. मुलगी आरोही नुकती रांगायला लागली होती. आई साळुबाईंना जुन्नरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, सासुरवाडीला जाऊन यायचं, एवढंच गाडीचं काम. पण घरच्या रोपवाटिकेच्या कच्च्या रस्त्यावर दगड लागून इंजिनाखालचं चेंबर फुटायचं, म्हणून जुन्नरच्या चांद मेकॅनिकने खालून जाड पत्रा मारला आणि गाडी थोडी उचलून दिली. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. त्याच कंपनीचं नवं मॉडेल निघालं, तेव्हा तसल्याच एका अपघातात मोडलेल्या गाडीचं ताकदीचं इंजिन भंगारातून आणून चांदने हिच्यात बसवलं.

"एवढी पळतीय तर गाड्यांच्या रॅलीत घाला की, भाऊ," तो म्हणाला.

पहिल्याच रॅलीत सुदर्शनचा त्याच्या गटात दुसरा नंबर आला. मग मागची सीट निघाली, आत लोखंडी पायपांचा सांगाडा बसला, पुढे दोन खोलगट सीटा आल्या. साळुबाईंनी आत डोकावून बघितलं.

"गाडी हाय का पिंजरा? आता मी बसू कुठं?"

घरची माणसं लग्नाकार्याला एसटीने जाऊ लागली. रॅलीत सुदर्शन गाडी चालवायचा आणि बायको तेजस्विनी डावीकडे बसून कागदावर लिहिलेली पुढची वळणं वाचून सांगायची. चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. पोरं त्याला रॅलीवाले भाऊ म्हणू लागली.

यंदा सरावाला तो एकटाच गेला होता, तेव्हा डिंभ्याच्या वरच्या घाटात गाडी घसरली आणि मागचं एक चाक दरीवर लटकलं. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून ओढून काढली. घरी त्याने दगड लागला म्हणून सांगितलं. पण तेव्हापासून तो भीतीने घाटाचे रस्ते टाळू लागला. हे बोलणार कुणापाशी? तेजस्विनीपाशी तर नाहीच. रॅली जवळ आली की ती घरात गुणगुणत वावरायची. तिचा आनंद कसा मोडायचा?

या वेळची रॅली जुन्नरहून तळेघरला होती. घोडेगावपर्यंत सगळं ठीक चाललं. डिंभं मागे पडलं, चढ लागला, आणि तेच वळण समोर आलं तसा सुदर्शनने ब्रेक दाबला. गाडी कडेला घेऊन त्याने इंजिन बंद केलं.

"अहो, काय झालं?"

"मला भ्या वाटतंय, तेजू."

ती हसली नाही. "कधीपासून?"

त्याने सगळं सांगितलं, लटकलेल्या चाकासकट. मागून आलेली एक गाडी धुरळा उडवत पुढे गेली. तेजस्विनीने मांडीवरचे कागद मिटले.

"मग सांगायचं न्हाई का? मी हितं बसून बसून कंटाळून गेले. वळण आलं की मीच चालवतेय असा माझा पाय खाली दाबला जातो. रोपांची पिकअप मंचरला रोज कोण नेतं?"

"तुला चालवायचीय ही?"

"लई दिवसांपासून. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

सुदर्शन पट्टा सोडून खाली उतरला. बाहेरची थंड हवा छातीत भरून घेतली आणि डावीकडे येऊन बसला. एवढी सोपी गोष्ट होती, आणि आपण इतके महिने उगाच जीव टांगून घेतला, असं त्याला वाटलं.

तेजस्विनीने गाडी काढली. तो वाचू लागला, "पुढं उजवं... न्हाई, डावं."

"नीट वाचा की."

एका वळणावर त्याने डोळेच मिटले आणि सांगायचं राहून गेलं. गाडी मात्र सुरळीत वळली. भात काढलेली खाचरं दोन्ही बाजूंनी मागे पडत गेली.

तळेघरला रॅलीवाल्यांच्या वतीने गाड्यांच्या वेळेची नोंद घ्यायला चांदच उभा होता. स्टिअरिंगवर कोण आहे ते बघायला तो खिडकीशी वाकला.

"भाभी, तुमी?"

"नियमात बसतं ना?"

"दोघांकडं लायसन असलं की बसतं. पण राव, लई उशीर केलात."

शेवटून दुसरा नंबर आला. सुदर्शनने दोन चहा घेतले, वर गरम भजी खाल्ली, आणि भेटेल त्याला तेजस्विनीने घाट कसा काढला ते रंगवून सांगितलं. परतीच्या वाटेवरही तीच चालवत होती. घोडेगाव यायच्या आतच तो सीटमध्ये मान टाकून गाढ झोपला होता.