छोट्या डॉक्टर आणि माझ्यावरचं संशोधन

जरा खाली बघा. उशीकडे नाही हो, खाटेच्या बाजूला. हां, मीच. वॉर्डातलं गोल लोखंडी स्टूल बोलतोय.

माझा जन्म वेल्डरच्या शेडमधला. चार पायांपैकी एक किंचित आखूड राहिला, तर तो गडी "चालतंय" म्हणाला आणि मला टेम्पोत टाकून मोकळा झाला. वॉर्डातल्या मावशींनी त्या पायाला रबराची टोपी घातली, म्हणून आज मी सरळ उभा आहे. मावशींचे उपकार मी विसरणार नाही.

माझ्यावर पेशंटचे नातेवाईक बसायचे, नाहीतर डबे आणि पिशव्या. डॉक्टर कधीच नाही. मोठे सर राउंडला आले की त्यांचा एक पाय या खाटेशी आणि दुसरा पुढच्या खाटेकडे निघालेला. माणूस लाखात एक, हाताला यश. पण बसायचं म्हटलं की जिवावर यायचं.

त्यांच्या हाताखाली एक डॉक्टर शिकत होत्या. अंगापिंडाने लहान, म्हणून सगळे त्यांना छोट्या डॉक्टर म्हणायचे. एकदा धीर करून त्या म्हणाल्या, "सर, बसून बोललं की पेशंटला जास्त बरं वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? सिद्ध करून दाखव. पदवीसाठी हाच विषय घे. फरक दिसला तर प्रत्येक खाटेला स्टूल मागवतो."

झालं. माझ्यावर संशोधन! मला आभाळ ठेंगणं झालं.

नियम सोपा होता. प्रत्येक पेशंटसाठी एक बंद पाकीट. आतल्या चिठ्ठीत 'बसून' किंवा 'उभ्याने' लिहिलेलं असायचं आणि छोट्या डॉक्टरांनी तसंच बोलायचं. मागाहून दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर येऊन पेशंटला विचारणार, डॉक्टरांनी तुमचं नीट ऐकून घेतलं का? चिठ्ठीत काय होतं, हे त्यांना ठाऊक नसायचं. सुरुवातीला सगळं छोट्या डॉक्टरांच्या मनासारखं चाललं होतं. ज्यांच्याशी बसून बोलल्या ते पेशंट खूश, ज्यांच्याशी उभ्याने ते "हो, आल्या होत्या वाटतं" म्हणणारे.

मग आले ड्रायव्हरकाका. उभा जन्म बस चालवलेला माणूस. फिट आली होती आणि पुन्हा येण्याचा धोका होता. आता स्टिअरिंग धरायचं नाही, हे त्यांना सांगायचं होतं. चिठ्ठी निघाली 'उभ्याने'.

छोट्या डॉक्टरांनी उभ्याने सांगितलं. काका त्यांच्याकडे मान वर करून बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे बस नाहीच का आता?"

छोट्या डॉक्टरांनी मला पायाने ओढलं आणि त्या बसल्या. नंतर काका घरच्यांबद्दल बोलत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या.

सकाळी त्यांनी सरांना स्वतःहून सांगितलं.

"चिठ्ठीत काय होतं?"

"उभ्याने, सर."

"मग बसलीस कशी?"

"उभं राहवेना."

सर म्हणाले, "अगं, पण नियम माहीत आहे ना? ज्याची चिठ्ठी 'उभ्याने', तो उभ्याच्याच गटात मोजायचा. तू नंतर काहीही कर."

आता आली का पंचाईत? काकांनी सिस्टरपाशी छोट्या डॉक्टरांचं तोंड भरून कौतुक केलं, आणि ते सगळं उभ्याच्या खात्यात गेलं. पुढेही तेच. वाईट बातमी सांगायची वेळ आली की चिठ्ठी काहीही म्हणो, छोट्या डॉक्टर बसायच्याच. प्रत्येक वेळी सरांना सांगायच्या आणि स्वतःचाच निकाल बिघडवायच्या. मला जीव तोडून सांगावंसं वाटायचं, बाई, नका बसू, पदवी जाईल तुमची. पण माझं ऐकतो कोण? आणि खरं सांगू? त्या बसल्या की मला बरंच वाटायचं.

शेवटी निकाल लागला. बसून बोला की उभ्याने, फरक आढळला नाही. काही लपवलं नव्हतं म्हणून पदवी मिळाली. नवी स्टुलं मात्र आली नाहीत. छोट्या डॉक्टरांचा चेहरा एवढासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी राउंड. एका बाईंना ऑपरेशनचं सांगायचं होतं. सर नेहमीसारखे उभे राहिले, थांबले, मला जवळ ओढलं आणि चक्क बसले. छोट्या डॉक्टर बघतच राहिल्या.

"पाय दुखतात माझे," सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

कसले दुखतायत! दमलेला माणूस माझ्यावर भार टाकून देतो. सर तर पुढे झुकले होते, त्या बाईंचं ऐकायला.

आता माझा रंग उडालाय, रेक्झिन फाटलंय. तरी तक्रार नाही. ज्यांनी ज्यांनी मला आपलं मानलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुम्ही डॉक्टर असाल आणि घाईत असाल, तर मला हाताने उचलायचीही तसदी नको. पायाने ओढलंत तरी मी येतो.