झीज

नीलकंठरावांनी प्रणोतीच्या हातातला जाड शब्दकोश हळूच काढून घेतला, फडताळात परत ठेवला आणि त्याच्याऐवजी स्वयंपाकघरातून रव्याचा चौकोनी डबा आणून दिला. लॅपटॉप त्यावर डुगडुगला. मग त्यांनी खाली घडी घातलेला पंचा सरकवला.

"आजोबा, डिक्शनरीच ठीक होती ना," प्रणोती म्हणाली. "तीच एवढी मोटी आहे."

"त्याच्यावर नको, बाळा."

"राहू दे गं," सुहासिनीबाई आतून म्हणाल्या. "सहावीत पाय लागला होता तुझ्या बाबाचा त्या पुस्तकाला. अजून ऐकवून राहिले त्याला."

नीलकंठराव हसले नाहीत. खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी पुन्हा वाचली. क्षीयते, झिज्जइ, झीज. संस्कृत, प्राकृत, आणि मग आपला शब्द. सकाळपासून ते हे मनातल्या मनात घोकत होते, आणि दर वेळी मधलंच विसरत होते.

"तुम्ही काहून एवढे घाबरून राहिले?" सुहासिनीबाई दारात येऊन म्हणाल्या. "शब्द तुमचाच ना?"

"माझा कुठला. आईचा."

भूविज्ञानाच्या हिंदी परिभाषाकोशाची नवी आवृत्ती निघत होती. पहिल्या समितीतला जिवंत असा हा एकच माणूस उरलेला, म्हणून त्यांना मानानं बोलावलं होतं. ती समिती बसली तेव्हा देश नवा होता. कॉलेजात खडक शिकवायचे ते इंग्रजीतच, आणि खेड्यांतून आलेली मुलं वर्गात माना खाली घालून बसत. विज्ञान आपल्या भाषेत आणायचं हे सगळ्यांनीच मनावर घेतलं होतं. समितीचे प्रमुख बापूसाहेब एकेका शब्दावर अख्खी दुपार घालवत. एकदा टांझानियाचा एक तरुण प्राध्यापक हे काम बघायला आला होता. त्यांच्याकडेही स्वराज्य नुकतंच आलेलं, आणि स्वाहिलीत त्यांचीही अशीच शोधाशोध चाललेली. त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवताना तरुण नीलकंठला वाटून गेलं होतं, की आपल्यासारखी माणसं जगात ठिकठिकाणी, असल्याच कोंदट खोल्यांत बसून शब्द हुडकतायत.

त्यांनी सुचवलेले बहुतेक शब्द पुढे गळून गेले. काही त्यांचे त्यांनाच आता आठवत नसत. एक मात्र टिकला. वाहत्या पाण्यातली वाळू दगडाला घासत राहते, त्या घासण्याला काय म्हणावं यावर एकदा सगळेच अडले. बापूसाहेब 'अपघर्षण' म्हणत आणि स्वतःच तोंड वाकडं करत. तेव्हा नीलकंठच्या तोंडून निघून गेलं, "झीज." जबलपुरातल्या कांचघरच्या घरी चटणी वाटताना आई म्हणायची, पाट्याची झीज झाली, छिन्नीनं टाकवून घ्यायला टाकीवालीला हाक मार. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी. कुठला शब्द उंबऱ्याच्या कुठल्या बाजूचा, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. त्यांना तो हिंदीच वाटला. बापूसाहेब मूळचे नागपूरचे, पण चाळीस वर्षं जबलपुरात काढलेले. त्यांनाही तो हिंदीच वाटला. समितीत मराठी हे दोघेच, आणि दोघंही इतके ठाम, की बाकीच्यांनी म्हटलं, असेल.

घोटाळा लक्षात आला तोवर शब्द शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसला होता. आज त्याच्यावर बोट ठेवलं जाणार होतं. तो गेला, तर त्या सगळ्या कामातलं आपलं म्हणावं असं काहीच उरत नव्हतं.

पडद्यावर चौकटी उघडल्या. नव्या समितीच्या प्रमुख डॉ. सलोनी, नीलकंठरावांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हात जोडले.

"सर, प्रणाम. आपका सिर्फ़ माथा दिख रहा है."

प्रणोतीनं कॅमेऱ्याबाहेरूनच पडदा वाकवला. बैठक सुरू झाली. आधीचे शब्द भराभर पुढे गेले. एकेका शब्दाला अर्धं मिनिटही लागत नव्हतं. मग सलोनीबाई थांबल्या.

"झीज. सर, ये आपके समय का है. भाषा वालों को इस पर आपत्ति है. अंकुर जी, बताइए."

अंकुर हा भाषाशास्त्राचा तरुण प्राध्यापक होता. "सर, क्षमा चाहता हूँ. ये हिंदी का लगता नहीं."

नीलकंठरावांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. संस्कृतापासून सुरुवात केली, प्राकृतापर्यंत नीट आले. मधलं या वेळी विसरले नाहीत.

"बिल्कुल सही, सर," अंकुर अदबीनं म्हणाला. "पर उसी जड़ से हिंदी में छीजन बना. झीज तो मराठी में बना ना."

मुलगा बरोबर बोलत होता. नीलकंठरावांनी चिठ्ठीची घडी घातली, ती आणखी एकदा दुमडली.

"तो हटा दें, सर?" सलोनीबाईंनी विचारलं. "अपघर्षण तो है ही."

तेवढ्यात बाजूनं प्रणोती कुजबुजली, "आजोबा, झीज मराठी आहे?"

त्यांनी वळून पाहिलं.

"मी तर हिंदीच समजत होती. नववीत पाठ केला होता ना, नदी का झीज कार्य. आपल्या घरात तर कोणी बोलत नाही."

खरंच होतं. विजय नगरच्या या घरात पाटा कधी आलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून मिक्सर. झिजलेलं काही नव्हतं, मग झीज कोण म्हणणार?

"सर, आपकी आवाज़ नहीं आ रही."

"जी, आ रहा हूँ," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "मेरी पोती यहीं बैठी है. उसने ये शब्द स्कूल में सीखा. वो इसे हिंदी समझती है."

अंकुर पडद्याजवळ सरकला.

"पर सर, घर में तो आप लोग मराठी बोलते हैं ना?" अंकुरनं विचारलं.

"बोलते हैं."

"फिर भी बिटिया को हिंदी लगा?"

नीलकंठरावांचा हात टेबलाच्या कडेवरून एकदा इकडून तिकडे फिरला.

"जी," ते म्हणाले. "हिंदी ही लगा."

अंकुर मोकळेपणानं हसला. "फिर मेरी आपत्ति ख़त्म, मैडम. मराठी घर की लड़की जिसे हिंदी माने, वो तो हिंदी का हो ही गया. इससे बड़ा प्रमाण मैं कहाँ से लाऊँगा?"

"तो रख लिया," सलोनीबाई म्हणाल्या. "स्रोत में हिंदी लिख रही हूँ. बधाई हो, सर. अगला शब्द."

पुढचे शब्द आले आणि गेले. नीलकंठराव हात जोडून बसून राहिले. सगळ्या चौकटी मिटल्यावर प्रणोतीनं त्यांच्या खांद्याला मिठी मारली.

"बच गया, आजोबा! मेरी वजह से!"

"हो. तुझ्यामुळेच," ते म्हणाले, आणि तिच्या हातावर थोपटलं.

सुहासिनीबाई रव्याचा डबा न्यायला आल्या. शिऱ्यासाठी तूप तापत होतं. बैठकीतलं त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

"राहिला," नीलकंठराव त्यांना म्हणाले.

"काय राहिला? कुठं?" त्यांनी लॅपटॉप उचलून प्रणोतीकडे दिला.

नीलकंठरावांनी चष्मा काढून तो पंच्याला पुसला, पुन्हा घातला.

"पुस्तकातच," ते म्हणाले.