वहाबने धरलेला सूर

वडनेर भोलजीत फकीर मोहम्मदच्या सनईचं नाव होतं, पण त्या नावाखाली श्वास वहाबचा होता.

सनईच्या जोडीत दोघे फुंकतात. पुढे बसतो तो चीज वाजवतो. मागे बसतो तो एकच स्वर धरून ठेवतो, मध्ये कुठेही तुटू न देता. त्याला सूर धरणं म्हणतात. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडताच नाकाने नवा श्वास घ्यायचा, आणि पुढच्याची चीज संपेपर्यंत थांबायचं नाही. ऐकणाऱ्याला हा मागचा सूर जाणवतही नाही, जशी घरात राहणाऱ्याला घराची भिंत जाणवत नाही. भिंत काढून घेतली की मग कळतं.

वहाब फकीर मोहम्मदचा भाचा. आईबाप पटकीत गेले तेव्हा तो मामूच्या घरी आला आणि दुधाचे दात पडायच्या आत त्याच्या हातात सुराची सनई आली. "आंधी सूर पक्का कर," मामू म्हणाला, "मंग चीजा शिकवतो." सूर पक्का झाला. चीजा मात्र मामूने आपल्या मुलाला, शकूरला शिकवल्या. वहाबने विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "पुढच्या साली."

गावचे मोठे जमीनदार पंजाबराव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि पंजाबराव कामाला नागपूरला गेले की काहीतरी नवं खूळ घेऊनच परत येत. एकदा त्यांनी ऐकलं, की दूरच्या एका विद्यापीठात संगीतशाळा आहे आणि तिथे विलायती वाद्यंही शिकवतात. आपल्या गावचा एक पोरगा आपण तिथे पाठवायचा, असं त्यांनी ठरवलं. फकीर मोहम्मदला दोन्ही पोरांसह अंगणात बोलावलं. गावातली पंधरा-वीस माणसं बसलेली होतीच.

"दोघायतून कोण पाठवू, सांग," पंजाबराव म्हणाले.

फकीर मोहम्मदने क्षणभरही विचार केला नाही. "शकूर, मालक. वहाबची छाती चांगली हाय, पन त्याले कान नाही. एक सूर देला का धरून बसते. धोंडा बसते तसा."

सगळे हसले. वहाबही हसला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. त्या दिवसापासून गावातली पोरं त्याला धोंडा म्हणू लागली. पाणवठ्यावर, बाजारात, मशिदीच्या ओट्यावर. शकूर संगीतशाळेत गेला आणि आपण मागे राहिलो, हे दुःख माणूस गिळतो. पण आपल्याला ऐकू येतं ते सगळं, प्रत्येक चीज, प्रत्येक मुरकी, मामूच्या पाठीमागे बसून आपण मनात साठवलेली, आणि हा माणूस चारचौघांत म्हणतो की याला कान नाही! वहाबला आता एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडाने हे म्हटलं, त्याच तोंडाने, त्याच अंगणात, त्याच लोकांपुढे मामूने ते परत घ्यायला हवं होतं.

उन्हाळ्यात पंजाबरावांच्या मुलीचं लग्न निघालं आणि शकूर सुटीवर घरी आला. सोबत त्याचं नवं वाद्य होतं, ओबो. सनईचीच विलायती बहीण म्हणा ना. तोंडात तशीच दुहेरी पत्ती, पण अंग काळंभोर आणि त्यावर चांदीसारख्या चकचकीत कळा.

"हे दाबलं का भोक बंद," शकूर वहाबला दाखवत होता. तो मनाचा साधा होता. "तिथं पन्नास-साठ जन एका टायमाले वाजवतात. वाजवायच्या आंधी समदे माह्या ओबोवर सूर मिळवतात. मी एकच सूर देतो, लांब."

"म्हंजे इतक्या दूर जाऊन तू सूरच धरून राह्यला का बे?"

शकूर खो खो हसला. वहाब हसला नाही.

पंजाबरावांनी निरोप पाठवला होता, की अंगणातल्या लग्नाच्या मांडवात शकूरने वाजवावं. पाहुण्यांना आवडलं तर पुढच्या सालीही शाळेत पाठवू. शकूरला सवय होती ती वहाबच्या सुराची. लहानपणापासून त्याचं सारं वाजवणं त्याच एका भिंतीला टेकून झालं होतं. तेव्हा मागे कोण बसणार हे विचारण्याची गरजच नव्हती.

दुपार कलली होती. अक्षता पडून गेल्या होत्या, मांडवात नांदुऱ्याचे, खामगावचे पाहुणे पान खात बसले होते. पेटीवाले निवृत्तीबुवा एका बाजूला टेकून बसले होते. फकीर मोहम्मद नवा फेटा बांधून पहिल्या ओळीत. शकूरने भीमपलास सुरू केला आणि वहाबने सूर दिला.

आणि काय वाजवला पोराने! ओबोचा आवाज सनईहून मऊ, जरा रडवा. माना डोलू लागल्या. पंजाबरावांनी मिशीवर बोट फिरवलं.

तेव्हा वहाबने ओठ सैल केले. केसाएवढे. सूर केसाएवढा उतरला. कोणाला कळणार? शकूरही नकळत तेवढाच उतरला, कारण चालणारा माणूस जमीन उतरती झाली तर पाय तसेच टाकतो. वहाबने दोन श्वास जाऊ दिले आणि आणखी थोडं उतरवलं. मग आणखी. शकूरच्या कपाळावर घाम आला. ओबो त्याला जड जाऊ लागला, ओठ किती सैल सोडावे ते समजेना, पण आपण उतरतो आहोत हे काही त्याला उमगलं नाही. पहिल्या ओळीत एकाच माणसाची मान डोलायची थांबली होती. वहाबने मामूच्या डोळ्यांत पाहिलं, पापणी न लववता, आणि ओठ आवळून सूर एका झटक्यात मूळ जागी नेला.

ओबो खालीच राहिला. दोन स्वर एकमेकांवर असे घासले की पाहुण्यांच्या अंगावर काटा आला. शकूर दचकला, सावरायला गेला, पत्ती किंचाळली.

"म्हैस व्याली का काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि मांडव हसण्याने भरला.

पंजाबरावांचा चेहरा उतरला. "काऊन रे शकूर? हे शिकून राह्यला का तिथं?"

फकीर मोहम्मद उठला. "मालक, पोराची चूक नाही. सूर हालला."

"सूर?" पंजाबरावांनी वहाबकडे पाहिलं. वहाब अजून फुंकतच होता. निवृत्तीबुवांनी पेटीची पट्टी दाबून पाहिली. सूर बरोबर तिथेच होता, जिथून निघाला होता.

"आत्ता हाय मालक. मधात यानं उतरवला. हळूहळू. शकूर त्याच्यामांगं गेला, आन मंग यानं एकदम चढवला."

"इतका हळू का आमाले कोनालेच समजलं नाही?"

"हाव."

"कोनं? वहाबनं?"

वहाबने सनई तोंडातून काढली. "मालक, मी तं धोंडा. मामूनंच सांगतलं तुमाले, याच अंगनात. मले कान नाही. धोंडा कुठी उतरते का, चढते का?"

लोक पुन्हा हसले, पण आता नजरा फकीर मोहम्मदवर होत्या. गप्प राहावं तर मुलाची शाळा बुडते, आणि बोलावं तर काय बोलावं लागेल ते त्याला ठाऊक होतं. त्याने फेटा सारखा केला.

"कान हाय त्याले," तो म्हणाला.

"आयकू नाही आलं मामू," वहाब म्हणाला. "मांगचे लोक आयकाचे राह्यले."

"कान हाय त्याले!" फकीर मोहम्मद ओरडला. "शकूरहून चांगला. लहानपनापासून हाय. मले मालूम होतं."

"मंग शिकवलं काऊन नाही?" पंजाबरावांनी विचारलं.

"याले शिकवलं असतं, मालक, तं सूर कोनं धरला असता?"

यावर मात्र कोणी हसलं नाही. पंजाबरावांनी पानाची पिंक टाकली, मुलाकडच्या पाहुण्यांकडे ओशाळवाणं पाहिलं आणि म्हणाले, "बरं. एक डाव पुन्हा वाजव शकूर. वहाब, धर सूर. नीट धर."

वहाब उठला. त्याने सुराची सनई मामूच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली. "आता तुमी धरा."

स्वतः जाऊन तो पाहुण्यांत बसला, मांडी घालून, ऐकायला. फकीर मोहम्मदने मुलाकडे पाहिलं आणि सनई उचलली. तरुणपणानंतर त्याने कोणासाठी सूर धरला नव्हता. पुढचे दोन दात गेलेले, ओठांतून हवा निसटत होती. सूर लागला, थरथरला, तुटला. पुन्हा लागला. शकूरने दोन स्वर घेतले तोच पुन्हा तुटला. म्हातारा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी गाल फुगवतच राहिला. वहाबने एकदाही मान वळवली नाही. पाठीमागे बसून वर्षानुवर्षं मामूची पाठच पाहिली होती. तोंड आज दिसत होतं.

शेवटी शकूरनेच ओबो मांडीवर ठेवला. "बस करा, अब्बा."

"तुमच्या घरातलं तुमी निपटा," पंजाबराव उठत म्हणाले. "पुढच्या साली कोनीच नाही जात. ना हा, ना तो. तो पैसा मी विहिरीले लावतो." आणि ते व्याह्यांना घेऊन आत गेले.

वाजंत्र्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या सावलीत बसली. शकूर वहाबच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने पानाला हात लावला नाही.

"माह्यावर काऊन, वहाब? मी काय केलं होतं तुह्यं?"

"काही नाही. तू पुढं बसला होता."

"आता मीही गेलो नाही, आन तूही."

"हाव."

वहाबने वाट पाहिली, की आता छातीत काहीतरी खुपेल. शकूरचा चेहरा पाहून खुपायला हवं होतं. त्याने वांग्याच्या भाजीत पुरी बुडवली, चावली, गिळली. भाजी झणझणीत होती आणि भूक कडकडून लागली होती. समोरच्या कोपऱ्यात फकीर मोहम्मद पत्रावळीपुढे बसला होता, हात गुडघ्यांवर, अन्न तसंच.

वाढपी बुंदीचं भगोनं घेऊन आला. वहाबने पत्रावळ पुढे सरकवली.

"वाढा, चांगली ओंजळभर वाढा," तो मोठ्याने म्हणाला. "आन त्या कोपऱ्यात आमचे मामू बसले, त्याइलेही इचारा. म्हना, वहाबनं इचारलं."