अर्धा मासा

थोरल्या दिरांनी आपल्या पन्नाशीसाठी मासेमारीची बोट भाड्याने घेतली, आणि बंदर मागे पडतं न पडतं तोच ते कठड्यावर ओणवे झाले. चहा, बिस्किटं, सगळं समुद्राच्या पोटात गेलं. "लाट जरा आडवी आहे," असं म्हणत ते आत जाऊन पडले, ते पडलेच.

मागे राहिले धाकटा भाऊ आणि त्याची बायको. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारी बाई. घरात कुणाला नाही म्हणायची सोय नाही म्हणून आलेली. आमिषाच्या कुजक्या वासाने तिचं डोकं उठलं होतं. सावली तेवढी खुर्चीवर होती, म्हणून ती तिथे टेकली, आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाने "हे धरा जरा, ताई," म्हणत गळाची काठी तिच्या हातात दिली.

तेवढ्यात काठीवरचं रीळ किंचाळलं.

दूरवर पाणी फुटलं. माणसापेक्षा लांब मासा, तलवारीसारखी चोच, अंगावर मोरपिशी निळाई, हवेत वाकून पुन्हा आत गेला. "मार्लिन! सोडू नका!" तांडेल ओरडला. काठीचं बूड तिच्या पोटात रुतलं, हातांची सालं निघाली. हातभर तंगूसाची दोरी रिळावर गुंडाळावी, तर एका हिसक्यात मासा ती सगळी परत ओढून न्यायचा. उन्हं डोक्यावर आली. हळूहळू तिला चेव चढला. "पळ, किती पळतोस ते बघते," असं ती दातओठ खाऊन पुटपुटली. नवरा टाळ्या वाजवत होता.

मग एक जबर हिसका बसला आणि ओढ एकदम थांबली. नुसतं वजन उरलं.

"दमला!" नवरा म्हणाला.

"दमला नाही," तांडेल म्हणाला. "शार्कने तोंड घातलंय."

वर आला तो अर्धाच मासा. कमरेखाली काही नव्हतं. मांसाच्या चिंध्या, आणि मागून लोंबत आलेलं आतडं. निळाई मातकट होत चालली होती. आणि तोंड अजून उघडत मिटत होतं. तिने काठी खाली टाकली. हाच जीव मघापासून आपण हौसेने ओढत होतो.

"मारा त्याला आधी," ती म्हणाली.

तांडेलाने दंडुका उचलला, तोच आतून आवाज आला, "थांबा! हात लावू नका!"

दीर केस सारखे करत बाहेर आले. कॉलरवर ओकारी वाळली होती. "फोटो काढ. जिवंत आहे तोवरच. मेला की रंग जातो."

"पण अर्धाच आहे, दादा," नवरा म्हणाला.

"मग वरचाच घे. खालचं कोण बघतंय?"

त्यांनी मासा कवेत घेतला आणि दात दाखवले. गालाशेजारी ते तोंड श्वास शोधत होतं. "डोळे मिटले माझे, परत घे." आणि नवरा, जो घरी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचा, वाकून म्हणत होता, "जरा डावीकडे, दादा."

तिने तांडेलाच्या हातातून दंडुका ओढला आणि माशाच्या डोक्यावर घातला, दोनदा. रक्त दिरांच्या पांढऱ्या शर्टावर उडालं.

"अगं, वेड लागलं का तुला?" दीर ओरडले.

तिने दंडुका खाली ठेवला. बादलीत हात धुतले. वास गेला नाही. परतताना नवरा शेजारी येऊन बसला. "वाढदिवस आहे गं त्याचा. जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" त्याच्या मनगटाला आतड्याचा तुकडा चिकटला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. ती सरकून बसली.

रविवारी सगळे दिरांकडे जेवायला जमले. पहिलाच, डोळे मिटलेला फोटो चौकटीत बसून भिंतीवर चढला होता. जावेने कौतुकाने विचारलं, "तू होतीस ना तिथे? खरंच एवढा वेळ झुंजले हे?"

दीर वाटीत बघत राहिले.

"झुंजले मी," ती म्हणाली. "दादा आत ओकत होते. आणि मासा अर्धा होता, शार्कने खाल्लेला. जिवंत असताना तो धरून फोटो काढलाय."

"जेवताना काय हे विषय!" नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"खरंय," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. घरी ती एकटीच चालत गेली.