मधल्या वेळेचा पुरावा

पत्र ग्लेंडाच्या नावाने आलं, आणि तिथेच क्लिफ डक्सबरीचा घात झाला. गाडी चालवायचा तोच, पण कागदोपत्री ती बायकोच्या नावावर होती. स्वतःच्या नावावर असती तर पोस्टमन फाटकाबाहेर पडायच्या आत ते पाकीट त्याच्या खिशात गेलं असतं आणि चॉर्ली गावातल्या त्या छोट्याशा घरात सगळं सुरळीत चालू राहिलं असतं. पण पाकीट दाराच्या फटीतून पायपुसण्यावर पडलं तेव्हा ग्लेंडा तिथेच उभी होती.

"सहा तास!" ती ओरडतच स्वयंपाकघरात आली. "क्लिफ, हे म्हणतायत आपली गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सहा तास उभी होती. बुधवारी. दोन तासांच्या वर थांबायचं नाही, अशी तिथे पाटी आहे म्हणे. अरे, सहा तास तू तिथे करत काय होतास? दुकानाच्या फळ्या पुसत होतास?"

क्लिफच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

"मी दोनदा गेलो होतो," तो म्हणाला. "सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. मध्ये गाडी तिथे नव्हतीच."

हे अगदी खरं होतं. पंचाईत अशी की याच्यापुढचं काहीच त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ग्लेंडाच्या डोक्यात लगेच उजेड पडला. फाटकावरचा कॅमेरा आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गाडीची नंबरप्लेट टिपतो. सकाळचं येणं त्याने टिपलं, दुपारचं जाणं टिपलं. मधलं जाणं आणि येणं, पुढेमागे एखादा ट्रक आडवा आला असेल, कॅमेऱ्याने सरळ गिळून टाकलं.

"आणि त्याचे शंभर पौंड मागतायत माझ्याकडे!"

"लवकर भरले तर साठच," क्लिफ चाचरत म्हणाला. "भरून टाकू या ना. दंड तो दंड."

"दंड म्हणू नकोस त्याला! दंड सरकार करतं. ही कुठली कोण खासगी कंपनी, हिला दंड करायचा अधिकार कुणी दिला? प्रश्न पैशांचा नाहीये, क्लिफ. तत्त्वाचा आहे."

तत्त्व हा शब्द निघाला आणि क्लिफने टोस्ट बशीत ठेवून दिला. या घरात तो शब्द निघाला की कुणाचं ना कुणाचं काही खरं नसायचं. दोन वर्षांपूर्वी ग्लेंडाची आई गेली तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी कर्स्टी सुटीवर स्पेनमध्ये होती. ती अंत्यविधीला आली नाही. विमान मिळालं नाही, असं ती म्हणाली. मनात असतं तर पोहत आली असती, असं ग्लेंडा म्हणाली. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी ग्लेंडाने सांगून टाकलं, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." तेही तत्त्वच होतं. मुलगी आईवर गेलेली, तिने ते तंतोतंत पाळलं.

आणि क्लिफ? क्लिफ दर बुधवारी गाडी काढून मोरकॅमला, समुद्रकाठी राहणाऱ्या त्या मुलीकडे जात होता. बुधवारी ग्लेंडा दिवसभर चॅपलमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमध्ये, विणकाम मंडळात असायची. बायका तिथे लहान मुलांच्या टोप्या-मोजे विणायच्या आणि चॅपलच्या विक्रीत मांडायच्या. आपली टोपी रस्त्यात कुणाच्या बाळाच्या डोक्यावर दिसते का, हे बघायची ग्लेंडाला खोडच लागली होती. बाबागाडी दिसली की ही वाकलीच. तिला स्वतःला नात झाली होती, टेस नावाची, आणि याचा तिला पत्ताच नव्हता.

"आईला सांगितलंस तर बघ," असं कर्स्टीने बाळंतपणाच्या आधीच बापाकडून वदवून घेतलं होतं. "तिला यायचं असेल तर तिने स्वतःहून यावं. तू वशिला लावायचा नाही." क्लिफ तेव्हा हो म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणायचा, आणि त्याचंच हे फळ होतं.

त्या बुधवारी सकाळी त्याने नातीसाठी लंगोट घेतले आणि पावती तिथल्याच डब्यात टाकली. परत येताना पुन्हा त्याच दुकानात थांबून ग्लेंडाने सांगितलेले गोठवलेले मासे आणि मटार घेतले. दोन्ही खरेद्या सकाळीच उरकल्या असत्या तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण गोठवलेला मासा दिवसभर गाडीत ठेवणं त्याला पटेना. त्याचंही एक तत्त्व होतं म्हणायचं, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

ग्लेंडाने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. कंपनीचं गुळगुळीत उत्तर आलं: गाडी मध्ये बाहेर गेल्याचा पुरावा आपण दिलेला नाही, सबब आपलं म्हणणं फेटाळण्यात येत आहे, मान्य नसेल तर सोबतचा क्रमांक वापरून स्वतंत्र अपील मंडळाकडे दाद मागावी. साठाची सवलतही आता गेली. उत्तर वाचून दुसरी एखादी बाई खचली असती. ग्लेंडाला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

"आता येईल मजा," ती लॅपटॉप उघडत म्हणाली. "मंडळातला माणूस ना त्यांचा ना आपला. त्याला फक्त पुरावा लागतो. सांग, मधल्या वेळात तू कुठे होतास?"

"वाचनालयात," क्लिफ म्हणाला. गेले कित्येक महिने तो बुधवारबद्दल हेच सांगत आला होता.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडा स्वतः वाचनालयात गेली. तिथे कॅमेरा असेल, निदान कुणी सही करून देईल, असा तिचा हिशेब. ती परत आली तेव्हा क्लिफ बागेत गुलाब छाटत होता. तिची चाल बघूनच त्याचं धाबं दणाणलं.

"वाचनालय बुधवारी बंद असतं," ती म्हणाली. "सरकारी पैसे कमी झाले तेव्हापासून. दीड वर्ष झालं."

क्लिफने चांगली टवटवीत फांदी कापून टाकली.

"मग... मग मी समुद्राकडे गेलो असेन. असंच. हवा खायला."

"असशील? तुला आठवत नाही?"

"आठवतं ना. गेलो होतो."

"पेट्रोलची पावती? कॉफीची? काहीतरी असेल की. तू तर खिशात रुमालसुद्धा घडी करून ठेवणारा माणूस!"

तेव्हापासून त्याची झोप उडाली. ग्लेंडा हात धुवून त्या मधल्या वेळेच्या मागे लागली. समोरच्या डोरीनच्या दारावरच्या घंटीत कॅमेरा होता. दोघी बायका चहाचे मग घेऊन तासन् तास त्यातली चित्रं बघत बसल्या. निघालं एवढंच, की क्लिफ सकाळी गेला आणि चहाच्या वेळी परत आला.

"म्हणजे मध्ये घरीही नव्हतास," ग्लेंडा म्हणाली. डोरीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि क्लिफकडे असं बघितलं की तो मागच्या दाराने बागेत सटकला.

एकदा तर त्याने बागेतल्या शेडमध्ये कोंडून घेऊन कंपनीला फोन लावला. शंभर तर शंभर, भरून टाकू आणि पीडा घालवू. यंत्राने गोड आवाजात सांगितलं, पैसे भरताच गाडीच्या मालकाला संदेश जाईल. गाडीची मालकीण त्या वेळी खिडकीतून शेडकडेच बघत होती. त्याने फोन ठेवला आणि लगेच कर्स्टीला लावला.

"भरून टाक ना, बाबा," ती म्हणाली.

"तुझी आई भरू देईल तर ना. तत्त्वाचा प्रश्न आहे."

कर्स्टी हसली, पण हसणं मध्येच तुटलं. मागे टेस कुरकुरत होती. "अजून तशीच आहे का ती?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"मी काय करू, बाळ? फोटो आहे माझ्याकडे. तो दाखवला की सगळं सुटतं."

पलीकडे कर्स्टीने टेसला उचलून घेतलं; तिची कुरकुर थांबली.

"दाखव असं मी म्हणणार नाही," कर्स्टी मग म्हणाली. "पण दाखवू नकोस असंही नाही म्हणत. तुझं तू बघ."

कसलं बघणार? आयुष्यभर दोघींनी ठरवायचं आणि याने मान डोलवायची. स्वतःचं स्वतः बघायची सवयच नव्हती त्याला.

फोटो मात्र बिनतोड होता. त्याच बुधवारी कर्स्टीने काढलेला. समुद्रकाठच्या रस्त्यावर क्लिफ उभा, मागे मनोऱ्यावरच्या घड्याळात साडेबारा वाजलेले, बाजूला गाडी, तिची नंबरप्लेट लख्ख वाचता येतेय. एखाद्या वकिलाने मुद्दाम काढवून घ्यावा असा. फक्त क्लिफच्या कडेवर एक बाळ होतं.

अपील पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ग्लेंडा लॅपटॉपसमोर बसली होती, पण टाईप करत नव्हती. चहा गार झाला होता. क्लिफ इकडची बशी तिकडे करत होता.

"बस," ती म्हणाली.

तो बसला.

"अपील जाऊ दे खड्ड्यात." ग्लेंडाच्या तोंडून असलं काही त्याने कधी ऐकलं नव्हतं. "कुठे दुखतंय तुला?"

"अं?"

"माझे बाबा असेच जायचे. दर आठवड्याला. चालायला जातो म्हणायचे. इस्पितळात जायचे, क्लिफ. आम्हाला कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी रात्र रात्र जागतेय. डोरीन म्हणते दुसरी बाई असेल. मी म्हटलं, असू दे बाई, चालेल मला, पण ते बाबांसारखं नको." तिने गार चहाचा मग दूर सारला. "मला खरं काय ते सांग. मी खंबीर आहे."

क्लिफला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. इतके दिवस तो बायकोला घाबरत होता, आणि ती त्याच्यासाठी घाबरून अर्धी झाली होती, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने फोन काढला, फोटो उघडला आणि तिच्यासमोर ठेवला.

ग्लेंडाने चष्मा नाकावर सरकवला. आधी तिने घड्याळ पाहिलं, मग नंबरप्लेट. सवयच ती. मग तिची नजर बाळावर गेली. दोन बोटांनी तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. बाळाच्या डोक्यावर मोहरीच्या रंगाची टोपी होती, आणि शेंड्याला गोंड्याऐवजी लोकरीचीच छोटीशी कडी.

"ही माझी टोपी आहे," ती म्हणाली.

"हो."

"विक्रीत सगळ्यात आधी गेली होती. कुठल्या बाळाला मिळाली असेल, असं मी तुला घरी येऊन म्हटलं होतं. तू बातम्या बघत होतास."

"हो. तू तिथे चहा वाटायच्या टेबलापाशी होतीस तेव्हा मीच घेतली."

तिने अजून बाळाच्या चेहऱ्यावरून बोट उचललं नव्हतं. हनुवटी पाहिली आणि तिला विचारायची गरज उरली नाही. तरी तिने विचारलं.

"कर्स्टीची?"

"टेस. पाच महिन्यांची आहे. मला सांगू नको म्हणाली होती. ग्लेंडा, मी..."

"गप्प बस. पाच महिने! मी जगाच्या पोरांना टोप्या घालत फिरतेय आणि तू..." ती उठली, सिंकपाशी गेली, नळ सोडला, बंद केला. "मरेपर्यंत रागावणार आहे मी तुझ्यावर. समजलं? मरेपर्यंत."

"समजलं."

मग ती पुन्हा येऊन बसली आणि डोळे न पुसताच फोटो बघत राहिली. "लहान होतेय तिला," ती म्हणाली. "कान उघडे पडतायत. समुद्राचा वारा काय असतो तिथे."

काहीतरी बोलायला हवं म्हणून क्लिफ म्हणाला, "मग हा जोडायचा का अपिलाला? नक्की जिंकू आपण."

ग्लेंडाने त्याच्याकडे असं पाहिलं जणू त्याने भर चॅपलमध्ये शीळ घातली होती.

"हिला मी बघायच्या आधी कुठल्या तरी ऑफिसातला परका माणूस बघणार? आणि निकाल देणार? काही नको. शंभर पौंड तोंडावर मार त्यांच्या." तिने लॅपटॉप फटकन मिटला. "कोट घाल."

"आत्ता? आज बुधवार नाहीये."

"आज कुठला वार आहे ते मला कळतं."

तिने पर्समध्ये मोजपट्टी टाकली, मोहरीच्या लोकरीचा उरलेला गुंडा टाकला, सुया टाकल्या. गाडी हमरस्त्याला लागली तरी ती पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती. क्लिफला राहवेना.

"तिला फोन करून कळवू या का?"

"नको. नाही म्हणाली तर मला परत फिरावं लागेल. मला परत फिरायचं नाहीये, क्लिफ."

समुद्राचा करडा पट्टा दिसायला लागला तशी तिने आरशात बघून केस सारखे केले, लगेच विस्कटले, पुन्हा सारखे केले. कर्स्टीच्या गल्लीत वळताच क्लिफने दारासमोरच गाडी लावली. कुंपणाशी खांबावर पार्किंगच्या नियमांची एक पाटी होती. ग्लेंडा खाली उतरली की आधी ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार, हे त्याला ठाऊक होतं. तो थांबून राहिला.

ग्लेंडा पाटीशेजारून सरळ चालत गेली आणि तिने दारावरची घंटी दाबली.